खरखरणारा पंखा

"पण काका, बिघडलंय काय, ते तर सांगा!"

सुजयने हे तिसऱ्यांदा विचारलं. समोर भोईटेकाका उभे होते. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला माणूस. चारच दिवसांपूर्वी दुरुस्त करून नेलेला कॉम्प्युटर त्यांनी रिक्षात घालून परत आणला होता.

"बिघडलाय," ते म्हणाले.

"बंद पडतो?"

"नाही."

"गरम होतो?"

"नाही. गार असतो."

"मग?"

काकांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे सरकवला.

फलटणच्या त्या दुकानात मागच्या बाजूला गफूरमास्तर एका जुन्या रेडिओवर वाकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गावातली बंद पडलेली यंत्रं चालू केली. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. सुजय त्यांच्या हाताखाली चार वर्षं शिकला. पोरगा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं. पुढच्या महिन्यात तो स्वतःचं दुकान टाकणार होता.

सुजयने कॉम्प्युटर टेबलावर घेतला, वायरी जोडल्या, चालू केला. पडद्यावर आकडा आला.

"हे बघा. आणला तेव्हा प्रोसेसर चौऱ्याण्णव अंशांवर जात होता. आज किती? एक्कावन्न. आत धुळीचा गालिचा होता, तो काढला. प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती नवी लावली. वायरींचा गुंता मागं बांधून टाकला. पुढून दोन पंखे गार हवा आत घेतात, मागचा गरम हवा बाहेर काढतो. मागचा जुना पंखा खरखर करत होता, तो काढून नवा बसवला. हात लावून बघा की!"

काकांनी हात लावला नाही.

"आता आवाज ऐका," सुजय म्हणाला. "येतोय? नाही ना? याला म्हणतात काम."

"तेच…" काका म्हणाले.

"तेच काय?"

"आवाज येत नाही."

सुजय हसला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, तेही हसतील म्हणून. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रेडिओवर ठेवला आणि उठून पुढे आले.

"बसा, भोईटे." त्यांनी स्टूल पुढे केलं. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "हा घरात कुठं असतो?"

"पोराच्या खोलीत. स्वयंपाकघराला लागून."

"पोरगा काय करतो?"

"घरांचे नकाशे करायचा. बांधायच्या आधी घर कसं दिसेल, ते कॉम्प्युटरवर दाखवायचा… फेब्रुवारीत गेला. हर्षल. तीन दिवस आजारी होता फक्त."

सुजयने हळूच माउस सोडला.

काम घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही त्या दुकानाची पद्धत होती. यंत्र घरात कुठं असतं, कोण वापरतं. सुजयला ती पद्धत म्हणजे म्हाताऱ्याचा वेळकाढूपणा वाटायचा. चार दिवसांपूर्वी मास्तर साताऱ्याला गेले होते आणि त्याने काहीच विचारलं नव्हतं.

"सांगा," मास्तर म्हणाले.

"सकाळी दहाला तो कॉम्प्युटर चालू करायचा. खरखर सुरू व्हायची. भिंतीपलीकडं हिचा स्वयंपाक. त्या आवाजावर हिला कळायचं, पोरगा कामात आहे. दुपारी काम उरकलं की आवाज उतरायचा, तशी ही ताटं घ्यायची. त्याला हाक मारायला लागायची नाही."

"हं."

"तो गेल्यावर हिनं जेवण सोडलं. पाहुणे आले, डॉक्टर आले, सगळे सांगून थकले. एक दिवस मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खोलीत जाऊन नुसतं बटण दाबलं. खरखर सुरू झाली. अन् ही उठली ओ. उठून तिनं कणीक मळली."

काकांनी स्टूल जरा पुढे ओढलं.

"तेव्हापासून रोज दहाला मी चालू करतो. तो आवाज असला की ही दोन घास खाते. पण उन्हाळ्यात तो मधेच बंद पडायला लागला. फट्‌दिशी बंद. हिच्या हातातला घास हातातच राहायचा. म्हणून आणला दुरुस्तीला… आता बंद पडत नाही. पण ही दोनदा खोलीत जाऊन बघून आली. दिवा लागलेला, पडदा लागलेला. म्हणते, खोलीत कुणी नाही."

"जेवल्या का?"

"तीन दिवस झाले. नुसता चहा."

टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि त्याचा अजिबात आवाज येत नव्हता. चार दिवस ज्या शांततेची सुजय मित्रांत फुशारकी मारत होता, ती त्याला आता सोसवेना.

"जुना पंखा कुठं आहे?" मास्तरांनी विचारलं.

सुजयची मान खाली गेली. काढलेला भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हीसुद्धा दुकानाची पद्धतच होती.

"दिला नाही मी. म्हटलं, मोडका पंखा घेऊन ते काय करणार… भंगारात टाकला."

"भंगारवाला आला होता?"

"माहीत नाही, मास्तर."

भंगाराचं खोकं टेबलाखाली असायचं. मास्तरांचे गुडघे धड नव्हते, तरी सुजयच्या आधी तेच खाली बसले. मोडके की-बोर्ड, तुटक्या वायरी, जळके सर्किट बोर्ड एकेक करून बाहेर आले. काका स्टुलावरून उठून उभे राहिले होते. खोक्याच्या तळाशी काळा, तळहाताएवढा पंखा होता. एक पातं टोकाला उडालेलं.

मास्तरांनी तो पुसला नाही. तसाच सुजयच्या हातात दिला.

सुजयने बोटाने पातं फिरवून पाहिलं. खर्र… खर्र… त्याचा दुसरा हात सवयीने तेलाच्या बाटलीकडे गेला. कुरकुरणारा पंखा दिसला की थेंबभर तेल, हे मास्तरांनीच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

मास्तरांनी बाटलीवर हात ठेवला.

"नको."

"मास्तर, बेअरिंग गेलंय…"

"ठाऊक आहे."

"हा मागं लावला तर गरम हवा नीट बाहेर जाणार नाही. परत बंद पडेल."

"मागचा नवा तसाच राहू दे. हवेचं काम तू चांगलं केलंयस. हा बाजूच्या जाळीला लाव."

"तिथं याचा काही उपयोग नाही."

"लाव."

सुजयने लावला. चार स्क्रू घट्ट केले, वायर जोडली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. खरखर सुरू झाली. आकडा हलला आणि त्रेपन्नवर थांबला.

"दोन अंश वाढले," सुजय पुटपुटला.

"वाढू दे."

काका कान देऊन ऐकत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असा नव्हता," ते म्हणाले. "आवाज तोच आहे. पण असा नव्हता… जरा वरचा होता."

सुजयने स्क्रू सैल करून पाहिला. पुन्हा घट्ट केला. पंखा थोडा तिरका केला. काका दर वेळी मान हलवत होते. सुजयच्या कपाळावर घाम आला. नवं मशीन जोडतानासुद्धा त्याला कधी एवढी धाकधूक वाटली नव्हती.

"हर्षल काही करायचा का याला?" मास्तरांनी विचारलं.

काकांनी आठवून पाहिलं. मग ते पुढे झाले आणि कॅबिनेटच्या वरच्या अंगाला त्यांनी एक चापट मारली. सपाट हाताची. शेजारच्या पोराच्या पाठीत मारावी तशी.

पंखा अडखळला, आणि मग त्याने वरचा सूर धरला.

काका तिथेच रडले. तोंडावर हात न घेता, दुकानात गिऱ्हाईक येईल याची पर्वा न करता, मोठ्याने रडले. सुजयने पाण्याचा तांब्या आणला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला. त्यालाही रडू येत होतं. हे पाणी आता द्यावं की थांबावं, तेही त्याला कळेना.

बऱ्याच वेळाने काकांनी तोंड धुतलं.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं.

"काम आमचंच राहिलं होतं," मास्तर म्हणाले. "आज दहा वाजून गेले. आधी घरी जाऊन लावा."

सुजयने कॉम्प्युटर स्वतः उचलून रिक्षात ठेवला. हादरे बसू नयेत म्हणून खाली दुकानातलं गोणपाट घातलं. चापट कुठे मारायची, ते काकांकडून पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि मग उगाचच विचारल्यासारखं वाटून तो ओशाळला. रिक्षा वळणापलीकडे गेली तरी तो पायरीवर उभा होता.

आत आला तेव्हा मास्तर पुन्हा रेडिओवर वाकले होते.

"मास्तर…"

"हं."

"तो पंखा टिकणार नाही. दिवाळीपर्यंत, फार तर."

मास्तरांनी एक वायर सोलली.

"तेल घातलं तर आवाज जाईल," सुजय म्हणाला. "नाही घातलं तर पंखा जाईल. आणि तसा आवाज दुसऱ्या पंख्यातून निघायचा नाही. मी शंभर पंखे आणले तरी नाही."

"नाही निघायचा."

"मग तो बंद पडला, की मी काय दुरुस्त करू?"



मास्तरांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"त्या दिवशी काही बरोबर घेऊ नकोस. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात जा आणि म्हण, काकू, भूक लागलीय."