जगमाचे काटे

“मग याचे काटे कुठे गेले?” शर्वाणीने विचारलं.

तिला वाटलं होतं, मठातलं हे जुनं जगमाचं झाड काट्यांनी भरलेलं असेल. तिच्या परसातलं रोप याच्याच बीचं, आणि त्याच्या खोडावर बोटभर काटे. हे खोड मात्र गुळगुळीत होतं.

भैरवगिरी बाबा ओट्यावर बसले होते. जगमाचं एक जांभळं फळ दोन्ही तळव्यांत हलके हलके फिरवत होते.

“होते,” ते म्हणाले.

“कोणी काढले?”

“कोणीच नाही.”

“असं कसं, बाबा? मी काढून बघितले ना…”

परदेशात फळझाडांचं शिकून ती गावी परतली होती. जगम पाणी मागत नाही, रोग धरत नाही, पूर्वी दारोदारी असायचं. ते पुन्हा प्रत्येक परसात लावायचं, हे तिने येतानाच ठरवलं होतं. रोपं केली. लोक म्हणाले, काटे नकोत. तिने कात्रीने सगळे काटे उतरवले आणि रोपं घरोघरी दिली.

“आणि?”

“शेळ्यांनी सोलून खाल्ली. सगळी.”

“शेळ्यांना तुझं काम पटलं म्हणायचं.”

ती हसली नाही.

“आता एकच उरलंय, आमच्या परसात. त्याला मी कात्री लावली नव्हती. परवा विहिरीवर जाताना काकांच्या नातवाला ओरखडा आला. काका म्हणतात, उद्या सकाळी एक तर काटे जातील, नाहीतर झाड जाईल.”

“मग?”

“काटे काढले तर शेळ्या. ठेवले तर काका. तुम्ही त्यांना एक शब्द सांगा. तुमचं ऐकतात.”

“तू सांगून बघितलंस?”

“सांगितलं. तुम्हाला कळत नाही, असंही सांगितलं.”

“गावात म्हणतात, या पोरीची जीभ जगमापेक्षा काटेरी.”

“कोण म्हणतं?” ती ताडकन उठली.

बाबा फळ फिरवत राहिले…

ती ओट्यासमोर येरझारा घालू लागली. ओट्यावरच्या टोपलीतलं एक फळ उचलून तिने चावलं. तोंड आवळून आलं.

“आधी चोळावं, बाय.”

तिने दुसरं घेतलं, तळव्यांत दाबलं. ते फुटलं. रस मनगटापर्यंत ओघळला.

“किती वेळ चोळायचं?”

बाबांनी हातातलं फळ बोटाने दाबून पाहिलं, पुन्हा तळव्यांत घेतलं.

“बाबा, उद्या सकाळी झाड जाणार आहे. काहीतरी सांगा.”

“उजेड आहे तोवर घरी जा.”

फाटकातून एक बाई कळशी घेऊन आत आली. सरळ चालत जगमापर्यंत आली, हातभर लांबून वळली आणि मठाच्या पायरीशी पोचली. तेव्हा कुठे शर्वाणीने पायवाट नीट पाहिली. ती झाडापाशी वाकलेली होती.

“खोडाला एक काटा नाही. तरी लोक वळसा का घालतात?”

“त्यांच्या आज्यांना टोचलं होतं.”

बाबांनी तळव्यांतलं फळ तिला दिलं. मऊ झालं होतं, साल कुठेही फुटली नव्हती. ती ते खात खात घरी गेली. गोड होतं.

सकाळी काका कोयता घेऊन परसात आले. शर्वाणीच्या हातात कात्री नव्हती, कुदळ होती. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेचे चिरे ती उखडत होती आणि रोपापासून हातभर लांब, वळणावर पुन्हा बसवत होती.

“एका रोपट्यासाठी घराची वाट वाकडी करणार?”

उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं… तिने एका चिऱ्याचं टोक उचललं.

“काका, याचं दुसरं टोक जरा धराल?”

काका कोयता विहिरीच्या कठड्यावर ठेवून खाली वाकले.

चिरे बसत आले तेव्हा बाबा भिक्षेला आले. नव्या वळणावरून चालत रोपापाशी थांबले. एका काट्याच्या टोकावर बोट ठेवलं. रक्ताचा थेंब आला.

“बाबा,” काकांनी विचारलं, “हे मठातल्या झाडासारखं कधी गुळगुळीत व्हायचं?”

बाबांनी बोट धोतराला पुसलं.

“आज तरी नको.”