काळोबाचे गुडघे

त्या राज्यात धान्य सगळ्यांकडे होते, पण पीठ एकट्या काळोबामुळे होते. काळोबा म्हणजे रेडा. माळावरच्या मोठ्या जात्याला त्याला जुंपत, आणि तो गोल फिरला की राज्य जेवत असे. मजुरी ठरलेली होती: पायलीमागे एक मूठ दाणे, केव्हाही या. केव्हाही म्हटले तरी यायचे सगळे दिवेलागणीलाच. आई दिवेलागणीला दळायची, आजी दिवेलागणीला दळायची. मग आपण दुपारी दळले तर चारचौघांत काय म्हणतील! दिवसभर काळोबा माशा हाकलत उभा असे आणि संध्याकाळी त्याच्या तोंडाला फेस येई.

पुढे सुगरण पक्ष्यांनी टेकडीवर वाऱ्याचे जाते उभारले. गवताची पाती विणावीत तर त्यांनीच! पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी तीन, चौथ्या वर्षी टेकडीचा माथा भरला. पण वारा काही कोणाचा गडी नव्हे. यायचा तेव्हा यायचा, बहुतेक भर दुपारी. पाती गरगर फिरत आणि जात्यांत दाणा नसे. संध्याकाळी वारा पडे, आणि काळोबापुढे पुन्हा रांग लागे.

एके दिवशी काळोबा चालता चालता कोसळला. वैद्य कासवाने त्याचे गुडघे चाचपले आणि भर सभेत सांगितले, "असाच राबला तर हा पोळीचा सण बघत नाही." वारा नसलेल्या दिवसांना काळोबावाचून होते कोण? तो गेला तर त्या दिवशी चुली थंड.

उपाय कासवानेच काढला. घार पंख न हलवता आभाळात तरंगत असेल, तेव्हा टेकडीवरचे दळण पाव मुठीत. तिला पंख मारावे लागत असतील, तर एक मूठ. घार झाडावर बसली असेल, म्हणजे वाराच नसेल, तर काळोबाकडे चार मुठी. भाव कोणाला विचारायला नको, मान वर केली की झाले.

"वा रे वा!" साळूकाकू कडाडली. ही साळिंदरीण. हिचे काटे जास्त टोकदार की जीभ, यावर राज्यात एकमत नव्हते. "माझ्या घरची पोळी कधी लाटायची ते आता घार ठरवणार? आणि ज्याला दुपारी कामातून मान वर काढता येत नाही, त्यानं काय चार मुठी मोजायच्या?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आणखी एक ठरले: जो मोकळा असेल त्याने शेजाऱ्याचेही दळण न्यावे.

पहिले काही दिवस नुसती फजिती. माना वर करून चालणारे एकमेकांवर आदळत होते. साळूकाकू तर हट्टाने दिवेलागणीलाच येई, आणि चार मुठी टाकताना काळोबाकडे न बघता घराकडे वळे. काळोबा लंगडत फिरे. एका संध्याकाळी तिने त्याचे सुजलेले पाय पाहिले आणि दळण अर्धेच करून परत नेले.

सणाच्या दोन दिवस आधी तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. कंदमुळांची ताटे नुकतीच मांडली होती. काकूने सहज बाहेर पाहिले, तर घार तरंगत होती.

"पाहुणे, मुलगी कुठं पळून जात नाही, वारा जाईल. उचला पोती!"

वरपक्ष काय करणार? उचलली. तिच्या घरची दोन आणि कामावर गेलेल्या शेजाऱ्यांची तीन, अशी पोती पाठीवर घेऊन सगळे टेकडी चढले. वर पाहतात तो अख्खे राज्य लोटलेले! सोयरीक तिथेच जमली, सगळ्यांच्या मिशा पिठाने पांढऱ्या असताना. सूर्य कलला तेव्हा राज्यात दळायचा दाणा उरला नव्हता.

सणाच्या दिवशी पान हलत नव्हते आणि घार झाडावर बसून होती. संध्याकाळ झाली तसा काळोबा माळावर आला, आपणच जुवाखाली मान घातली आणि वाट पाहू लागला. कोणीच आले नाही. बऱ्याच वेळाने साळूकाकू आली, पण तिच्या हातात पोते नव्हते.

"काकू, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही रे बाबा, आमचं चुकलं. किती वर्षं चुकलं!" तिने जू काढून खाली ठेवले. "बस आता."

"उद्याही वारा नसला तर?"

"तर पहिली हाक तुलाच. तुझ्याशिवाय आहे कोण आम्हाला? पण आज बस."

काळोबाने एक गुडघा वाकवला आणि थबकला. या वेळेला बसायची त्याला सवयच नव्हती. बिळांतून, ढोलींतून सगळे बाहेर येऊन बघत होते, कोणाच्या हातात लाटणे, कोणाच्या कणकेचा गोळा. त्याने दुसरा गुडघा टेकला, मग मागचे अंग. टेकडीवरची पाती निश्चल होती, माळावरचे जाते निश्चल होते, आणि राज्यातल्या एकूण एक चुलीवर पोळी फुगत होती.