सांगणारीचा पत्ता

त्या राज्यात सगळं काही होतं. फक्त काय कुठं आहे, ते एकट्या सांगणारीलाच ठाऊक होतं. डोंगराच्या पोटात सगळ्यांचं मिळून एक कोठार होतं. कुणी बोरं आणून टाकी, कुणी बियाणं, कुणी पिसं. जागा दिसेल तिथं ठेवायचं आणि विसरून जायचं. लागलं की कोठारात येऊन विचारायचं, "सांगणारीबाई, माझ्या चिंचा?" उत्तर येई, "डावीकडं, वटवाघळांच्या खाली." गुहेत आवाज घुमायचा, म्हणून तो कुठून येतो ते कळत नसे. आणि कळून तरी काय करायचं होतं? चिंचा मिळत होत्या.

कोठाराची राखण साळोबा नावाच्या साळिंदराकडं होती. स्वभावानं गरीब, चालीनं संथ.

एका वर्षी झऱ्यानं वाट बदलली आणि कोठाराची जमीन ओलावू लागली. कोठार वरच्या गुहेत हलवायचं ठरलं. सामानाचं काय, ते डोक्यावर नेता येतं. पण सांगणारी खालीच राहिली तर वर नुसते ढीग. माकडं तर म्हणूच लागली, "ती सापडत नसेल तर ज्यानं त्यानं आपापलं उचलावं आणि वेगळं व्हावं." साळोबाला हे पटणारं नव्हतं. ज्यांचे दात पडले होते, पंख थकले होते, ते सगळे या एका कोठारावर जगत होते.

त्यानं सरळ तिलाच विचारलं, "बाई, तू कुठं आहेस?"

आवाज घुमला, "पाहिलं. अशी वस्तू इथं कुणी ठेवलेली नाही."

"अगं, पण बोलतेयस ना तू?"

"बोलतेय खरी. पण बाहेर डोकावावं, तर दर वेळी समोर निराळंच काहीतरी दिसतं."

साळोबानं फटी पाहिल्या, कोनाडे पाहिले, वटवाघळांना उठवून शिव्या खाल्ल्या. शेवटी त्याच्या मनात आलं, नवी वस्तू आली की हिला तिची खूण करून ठेवावी लागत असणार. तेवढ्यापुरती तरी ही हलेल. त्यानं एक भोपळा आणून मधोमध ठेवला आणि समोर बसून राहिला. भोपळा भोपळ्याच्या जागी, साळोबा साळोबाच्या.

वर कपारीत बसलेली म्हातारी खार खुदकन हसली. "काय हो साळोबा, भोपळा अंडं घालणार आहे का?"

"गप गं. काही हलतंय का तेवढं बघ."

खार बघू लागली. कपारीतून उन्हाची तिरीप आत आली, तशी भोपळ्याच्या देठापाशी एक धागा चमकला. मग चिंचांचा दिसला, मग बोरांचा. खार धाग्यांमागून नजर नेत गेली आणि एकदम ओरडली, "साळोबा, हलू नका!"

"का गं? साप?"

"साप कसला! तुमच्या पाठीवर बघा!"

पाठ कुणाला दिसते? पण सगळे धागे तिथंच, त्याच्या काट्यांत येऊन मिळाले होते. आठ पायांची इवलीशी कोळीण भोपळ्याची गाठ मारत बसली होती. तिनं डोकं वर काढलं.

"अगंबाई, हे तुम्ही होय? मला वाटायचं, कोठारच हलतंय."

साऱ्या गुहेत हसू घुमलं. माकडांनीही मग मुकाट्यानं दुसऱ्यांची गाठोडी उचलली. पुढं साळोबा, मागं सगळं राज्य, अशी सावकाश वरात वर गेली.

वरच्या गुहेचं तोंड चांगलं उंच आहे, हत्ती जाईल एवढं. तरी साळोबा आत शिरताना वाकतो.