खो मिळेपर्यंत

सरपोतदार मास्तर मुलाखत घ्यायला बसले की पाहुण्याला पाणी पिण्यापुरतंच तोंड उघडायला मिळे. या वेळी गाठ पडली खो-खोच्या जुन्या खेळाडू शेवंताबाई खरातांशी. त्यांचं ऐकायला तालुक्यातल्या पोरी मुद्दाम आल्या होत्या. मास्तर मात्र अर्धा तास स्वतःच्या शाळेतल्या बक्षिसांचंच पुराण सांगत बसले आणि वर म्हणाले, "बाई गप्पच! खेळाडूंचे पाय चालतात, जीभ नाही."

शेवंताबाईंनी पदर खोचला. "मास्तर, आमच्या खेळात पाठीवर थाप देऊन कुणी खो दिल्याशिवाय जागेवरून उठायचं नसतं. मी मघापासून उकिडवी बसलेय. तुम्ही एकटेच पळताय!"

मागून पोरी एका सुरात ओरडल्या, "खो!"