टिटवीची रजा

त्या खोऱ्यात रानातल्या सगळ्या वाटा एकत्र येत. कुठलाही निरोप कुठेही जायचा असो, तो खोऱ्यातूनच जाई; आणि खोरे थांबले की सगळे रान मुके होई.

एकदा तसे झालेही होते. जमिनीतून वाफ निघाली आणि प्राणी उघड्या डोळ्यांनी गुंग होऊन बसून राहिले. शेवटी वरचा बांध फुटला, थंड पाणी अंगावर आले, तेव्हा कुठे त्यांना शुद्ध आली. त्यानंतर जुन्या जाणत्यांनी बांध पुन्हा घातला, पाण्याच्या तोंडावर एक शिळा बसवली आणि तिथे एक हत्ती उभा केला. टिटवीने थोड्या थोड्या वेळाने हाक देत राहायचे. हाक थांबली, तर खोरे पुन्हा गुंगले असे समजून हत्तीने शिळा उचलून पाणी सोडायचे. याखेरीज त्याला काही शिकवलेले नव्हते.

पुढे खोऱ्याची राणी साळिंदर हिने फर्मान काढले : उन्हाळाभर खोरे बंद राहील, सर्वांनी पिलांना आत घ्यावे, बिळांची तोंडे लिंपावीत आणि स्वस्थ झोपावे. कोणते काम केव्हा बंद करायचे, ते प्रधान कोल्ह्याने ठरवले. हलकी कामे आधी, जड मागून. सर्वांत हलके काम टिटवीचे.

"तुला रजा," कोल्हा म्हणाला. "आता निजायचेच आहे, तर हाक कशाला?"

"आणि गजराजांना कोण सांगणार?"

"त्यांना वरून दिसतेच आहे की आमची आवराआवर."

टिटवीला ते पटले नाही. पण घसा सोलून निघाला होता, आणि रजा हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. पलीकडच्या माळावर जाऊन ती पंखात चोच खुपसून झोपली.

दुपार चढली. काही बिळे लिंपून झाली होती; घोरपड अजून बियांच्या कोठारात खटपट करत होती. बांधावर हत्तीने कान पसरले. बराच वेळ ते पसरलेलेच राहिले. मग त्याने शिळेला सोंड लावली.

राणी काटे फुलवून चढ धावत आली. "थांबा! आम्ही शुद्धीत आहोत! नुसते बंद करतो आहोत!"

हत्तीने तिच्याकडे फार मायेने पाहिले. "गुंगीत असेच बरळतात, राणीसाहेब. घाबरू नका. आत्ता शुद्ध येईल."

त्याने शिळा उचलली.

पाण्याच्या आवाजाने टिटवी दचकून उठली आणि ओरडतच आली. पहिल्याच हाकेला हत्तीने शिळा खाली ठेवली. "आली का जाग सगळ्यांना?" त्याने विचारले.

उघड्या बिळांतले प्राणी भिजून बाहेर पडले. लिंपलेल्या बिळांत पाणी फटींतून शिरले होते, आणि बाहेर यायला तोंड नव्हते. कोल्हा आपल्याच बिळाचा चिखल नखांनी उकरत होता. आत त्याची पिले होती. वर टिटवी घिरट्या घालत ओरडतच होती. दोन हाकांमध्ये आता श्वासापुरतीही जागा नव्हती, चोचीतून रक्त ठिबकत होते. तिला "पुरे" म्हणायला राणीने तोंड उघडले. मग तिची नजर बांधावर कान पसरून उभ्या हत्तीकडे गेली, आणि तोंड तसेच मिटले.