मनालीतली एकच नऊवारी

सहलीआधीच्या बैठकीत टूर मॅनेजर टिपणीसांनी कपड्यांची यादी फर्मानासारखी वाचली. पॅन्ट आणि कंपनीचं पिवळं जॅकेट सर्वांना सक्तीचं होतं. सत्तरीच्या द्वारकाबाईंनी जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलं नव्हतं.

"आजी, नऊवारी चालणार नाही. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

"पिवळंच कशाला हो साहेब?"

"मनालीच्या गर्दीत कुणी चुकलं, तर आपला ग्रुप लांबून ओळखू यावा म्हणून."

"तिथे पिवळी जॅकेटं किती असतील?"

"असतील शे-दोनशे."

"आणि नऊवारी?"

टिपणीसांनी हातातली यादी खाली ठेवली.

"मग चुकलेल्याने जॅकेट शोधावं की मला?" बाईंनी शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुधारित यादी आली. तिच्यात एकच ओळ वाढली होती: द्वारकाबाईंनी रोज नऊवारीच नेसावी, ही नम्र विनंती.