उंबरगडचा परदेशभत्ता

"हजेरी नाही तर पगार नाही! आणि भत्ता तर नाहीच नाही!" उंबरगडचे राजे मकरंदसेन सिंहासनावरून गरजले.

समोर मैनाबाई उभी होती. तिचा नवरा रखमाजी राजांचा बातमीदार. समुद्रापलीकडच्या तांबडबेटाच्या दरबारात बसायचं आणि दिसेल ते लिहून इकडे धाडायचं, हे त्याचं काम. सहा महिने दमडी मिळाली नव्हती. तिकडे तो उकडलेल्या कंदांवर दिवस काढत होता, इकडे मैनाबाईच्या चुलीत मांजर झोपत होतं.

"महाराज, जहाजानं यायलाच दोन महिने लागतात. ते रोज सकाळी इथे हजेरी कशी लावतील?"

"ते आम्हाला विचारू नका! बातमी तिथली हवी, हजेरी इथली हवी. नियम म्हणजे नियम!"

आता या नियमापुढे कुणीही कपाळावर हात मारला असता. मैनाबाईनं पदर खोचला.

"माणूस आजारी पडला, की त्याच्या जागी घरचं कुणी बदली येतं ना, महाराज?"

"येतं की. जुना रिवाज आहे."

"मग त्यांच्या जागी मी!"

राजांना गंमत वाटली. मैनाबाई रोज सकाळी येई, हजेरी लावी आणि खांबाला टेकून दिवसभर काहीतरी लिहीत बसे. आठव्या दिवशी ती जाडजूड लखोटा घेऊन पुढे आली.

"तांबडबेटाला जहाज निघालंय, महाराज. शिक्का मारा."

"आहे काय त्यात?"

"बातम्या! बातमीदारानं ज्या दरबारात बसावं, तिथलं दुसऱ्या दरबाराला कळवावं. मी इथे बसते, म्हणून तिथे कळवते. वाचू? 'सोमवार. न्याय देता देता राजे घोरू लागले. मुकुट घरंगळून प्रधानजींच्या ताकात पडला. मंगळवार. झुरळ पाहून राजे सिंहासनावर चढले. सेनापती आधीच चढले होते...'"

हसू दाबायला अख्खा दरबार खोकू लागला.

"पुरे, पुरे!" राजे ओरडले. मग हळूच म्हणाले, "बुधवारचं काय लिहिलंय?"

"दोन पानं आहेत, महाराज."

राजे आधी लालबुंद झाले आणि मग पोट धरधरून हसू लागले. "रखमाजीला तिथेच राहू दे! थकलेला पगार, दुप्पट भत्ता आणि लोणच्याची बरणी याच जहाजानं धाडा! आणि बाई, तुम्ही कृपा करून घरी बसा!"

"बसते की! पण तुमच्या दरबारापासून लांब राहायचं, म्हणजे मलाही परदेशभत्ता हवा!"

हसता हसता राजांचा मुकुट पुन्हा घरंगळला. तो पडताना पाहून मैनाबाईनं कागद पुढे ओढला.

"द्या, द्या, तिलाही भत्ता द्या!" राजे किंचाळले. "पण आधी तिच्या हातातली लेखणी काढून घ्या!"